दारातला धोटा

सात रस्त्याजवळच्या त्या धर्मादाय दवाखान्यात मागच्या अंगाला एक खोली होती आणि तिचे दार कधीच पूर्ण लागत नसे. उंबरठ्यावर, चौकटीला टेकून, लाकडाचा एक जुना धोटा ठेवलेला असे. आयुष्यभर मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे पळालेला तो धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या मिरवीत, आता म्हाताऱ्या पहारेकऱ्यासारखा दाराशी बसला होता. त्याच्यामुळे दार बरोबर एक वीत उघडे राही. सोलापुरात धोट्याचे कोणाला काय नवल? घरोघरी ते पडलेले असत. नवल वाटे ते खोलीतल्या बाईंच्या नियमाचे.

बाईंचे नाव रुद्राणी हत्तुरे. वय बेचाळीस, लग्न केलेले नाही. मुंबईला दोन वर्षे राहून ती मनाच्या दुखण्यांचे समुपदेशन शिकून आली होती. शहात्तर सालच्या सोलापुरात हे काम करणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावी लागली असती आणि बरीचशी बोटे शिल्लक राहिली असती. तिच्याकडे मुख्यतः लहान मुले येत. रात्री दचकून उठणारी, अंथरूण ओले करणारी, एकाएकी बोलेनाशी झालेली. तिचा नियम असा, की या खोलीतून कोणीही न सांगता जायचे नाही. जाणाऱ्याने मुलासमोर बसायचे, कुठे जातो ते सांगायचे आणि भिंतीवरच्या घड्याळात काटा कुठे आला की परत येईन तेही दाखवायचे. दवाखान्याचे डॉक्टर हिंदुराव माने यांनासुद्धा यातून सूट नव्हती. एकदा तीन वर्षांच्या मुलापुढे उकिडवे बसून, कलेक्टरपुढे अर्ज सादर करावा तशा अदबीने, आपण चहाला जात असून सव्वादहाला परत हजर होऊ, असे त्यांनी निवेदन केले होते. दवाखाना हसला होता. मूल मात्र हसले नव्हते. सव्वादहा वाजेपर्यंत त्याने घड्याळावरची नजर काढली नव्हती आणि डॉक्टर दारात दिसताच त्याने आठवड्यात पहिल्यांदा पोटभर दूध प्यायले होते.

हा नियम तिने मुंबईत शिकलेला नव्हता. तो चाळीतून आलेला होता.

चार वर्षांची रुद्राणी गिरणीच्या चाळीत राहत असे. आई गिरणीत सुताच्या कांड्या भरण्याच्या कामावर होती. सांगून निघाले तर पोर रडते, पोर रडले की पाय निघत नाही, आणि पाय निघाला नाही की फाटकावरची हजेरी चुकते. म्हणून चाळीतल्या बायांनी एक युक्ती काढली होती. पोर झोपेत आईचा पदर मुठीत धरून असे. भोंगा होण्याआधी तो पदर हलकेच सोडवून घ्यायचा आणि मुठीत जुन्या लुगड्याची घडी द्यायची. युक्ती वाईट मनाने केलेली नव्हती. सगळ्याच आया ती करीत आणि सगळ्याच डोळे पुसत जिना उतरत. रुद्राणी जागी होई तेव्हा मुठीत कापड असे, कापडाला वासही आईचाच असे, आणि त्या कापडात आई नसे.

एका सकाळी शेजारच्या मथुराबाईंनी तिला कडेवर घेतले. गिरणीच्या रंगखात्यातून एक नाला बाहेर पडत असे आणि ज्या दिवशी सुताला जो रंग द्यायचा, त्या रंगाचे पाणी त्यातून वाहत असे. चल गं, बघू या आज रंग कोणता, असे मथुराबाई म्हणाल्या. त्या दिवशी रंग निळा होता. रुद्राणी नाल्याच्या काठावर बसून निळ्या पाण्यात खडे टाकत राहिली आणि तेवढ्या वेळात तिच्या आईला, बाळंतपण अडले म्हणून, बाजेवर घालून नेले. घरी आल्यावर खोली झाडून काढलेली होती. आई कुठे विचारले तर सगळे म्हणत, येईल हं. ती उंबरठ्यावर बसून राहिली. किती दिवस, हे तिला आठवत नव्हते. आई त्याच दिवशी गेली होती हे तिला सातव्या वर्षी कळले, तेही चाळीतल्या एका मुलीने भांडणात तोंडावर फेकले म्हणून.

मुंबईत एका शिक्षकांनी वर्गात सांगितले होते, की समुपदेशक माणसाला पहिल्या माणसांनी जसे धरले किंवा सोडले, तसाच तो पुढे आपल्या रुग्णांना धरतो किंवा सोडतो. म्हणून स्वतःचे मूळ आधी तपासा. इतरांनी ते वाक्य वहीत लिहून घेतले. रुद्राणीच्या तळहातांना घाम आला होता. आजही कोणी न सांगता खोलीतून उठले की तिचे तळहात गार पडत. ही भीती तिने कोणाला सांगितली नाही, पण तिचा उपयोग करायला ती शिकली. समोरच्या मुलाला कशाचे भय आहे हे तिला तळहातांवरून कळे, आणि बहुधा ते बरोबर निघे.

अशा या खोलीत त्या वर्षीच्या मार्गशीर्षात मायाक्का आली.

मायाक्का बाळीवेशीतल्या बसवराज धनशेट्टी यांची सहा वर्षांची मुलगी. बसवराज चादरींच्या कारखान्यात नक्षी काढणारा. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून तो मोर, कमळे, वेलबुट्ट्या काढी आणि त्या कागदावरून मागावर चादरी निघत. मुलीने दोन महिन्यांपासून बोलणे जवळजवळ सोडले होते. भाकरीचे दोन घास खाऊन ती ताट सरकवी. आईचा पदर डाव्या हाताला तीन वेढे देऊन गुंडाळलेला असे आणि आई न्हाणीत गेली तरी दारातून आत गेलेला पदर बाहेर बसून धरून ठेवलेला असे. आई ईरम्मा सव्वीस वर्षांची, काडीसारखी वाळलेली. तिला क्षय झाला होता. मुलीची तपासणी झाली होती, ती निरोगी होती. हिंदुराव डॉक्टरांनी मिरजेकडच्या क्षय आरोग्यधामात ईरम्मासाठी खाट मिळवली होती. दोनदा टांगा दारात आला होता, दोनदा मायाक्काने आकांत मांडला होता आणि दोन्ही वेळा ईरम्मा पायरीवरून परत फिरली होती. तिसऱ्यांदा असे झाले तर औषधालाही वेळ उरणार नाही, असे डॉक्टरांनी बसवराजला स्वच्छ सांगितले होते.

तीन गुरुवार मायाक्का रुद्राणीकडे आली. आई दारापाशी, मुलगी आईपाशी. तिसऱ्या गुरुवारी तिने पदराचा एक वेढा सोडला. रुद्राणीने ते पाहिले आणि पाहिल्याचे दाखवले नाही.

त्याच दिवशी सासू, शिवबाई, मागे थांबली. थोराड बांध्याची, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणे तोडून टाकल्यासारखे. तिने घरात ठरलेला बेत सांगितला. पुढच्या गुरुवारी नेहमीसारखे यायचे. ईरम्माने सुई घ्यायला म्हणून डॉक्टरांच्या खोलीत जायचे आणि तिथूनच मागच्या दाराने बसवराजबरोबर टांग्यात बसायचे. साडेअकराला मिरजेची एस.टी. सुटते. तोवर बाईंनी पोरीला आत रमवून ठेवायचे. जाणाऱ्या माणसामागे रडू नये, तो अपशकुन. आणि पोर रडले की सून उतरते. शेवटी ती म्हणाली, "आन् त्ये दाराचं लाकूड तेवढं काडून ठिवा बाई, त्या दिशी. येवडंच मागनं हाय."

रुद्राणीने नियम सांगायला तोंड उघडले आणि तिची नजर घड्याळावर गेली. तिच्या ध्यानात आले, की तिचा सगळा नियम घड्याळाच्या काट्याला टांगलेला होता. सव्वादहाला येईन, बाराला येईन. ईरम्माचा काटा कुठे दाखवायचा? डॉक्टर म्हणत होते चार महिने, कदाचित सहा. आणि कदाचितच्या पुढे ते काही बोलत नव्हते. येईल हं, हे तर तिला कोणत्याही मुलाला सांगता येणार नव्हते. शिवाय शिवबाईचे म्हणणे खोटे नव्हते. मुलीच्या रडण्याने आई उतरली तर आईचा जीव जाणार होता. पण या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती तिने स्वतःपासूनही लपवली: तो आकांत तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचा नव्हता. तिने मान डोलावली.

आठवडाभर तिचे कामात लक्ष लागले नाही. मुलीला तासभर कशाने बांधून ठेवावे हा एकच प्रश्न होता. बुधवारी संध्याकाळी उत्तर एकदम सुचले आणि ते इतके सोपे होते की ते आले कुठून हे तिने विचारलेच नाही. घरी जाताना तिने काचेचे चार पेले आणि शाईच्या गोळ्यांची पुडी विकत घेतली.

गुरुवारी दहाला सगळे आले. ईरम्मा तोंडावर पदर धरून होती आणि तिचे डोळे सुजलेले होते. सुईला जाते, असे ती मुलीला म्हणाली. हे खोटे तिच्याकडून वदवून घेतलेले होते. मायाक्काने पदर सोडला नाही. मग रुद्राणीने पेल्यात गोळी टाकली. पाण्यात लाल धूर उतरावा तसा रंग खाली उतरत गेला आणि मायाक्काचा हात सैल झाला. एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा. ईरम्मा पाठ न वळवता, मागे मागे पावले टाकीत बाहेर गेली. रुद्राणी उठली, धोटा उचलून कपाटामागे ठेवला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीचे दार पूर्ण लागले.

आतली हवा एकाएकी जड झाली. मायाक्काने दाराकडे पाहिले, मग उंबरठ्याकडे, जिथे धोटा नव्हता. तिचे खांदे वर चढले आणि श्वास वरच्यावर चालू लागला. रुद्राणीने घाईने दुसरा पेला पुढे ओढला. बाहेर कुठेतरी टांग्याच्या घोड्याने टाप आपटली. तो आवाज झाकण्यासाठी तिने आवाज चढवला आणि हसऱ्या, लाडिक सुरात म्हणाली, "चल गं, बघू या आज रंग कोणता."

वाक्य संपले तरी तो सूर खोलीत राहिला. तो तिचा नव्हता. तो मथुराबाईंचा होता, शेवटच्या शब्दावरच्या हेलासकट. पेल्यात गोळी विरघळत होती आणि पाणी निळे होत चालले होते.

अडतीस वर्षे ती उंबरठ्यावर बसलेल्या त्या पोरीच्या बाजूने लढत आली होती, निदान तसे समजत आली होती. आणि आज, चांगल्या भल्या माणसांच्या सांगण्यावरून, चांगल्याच हेतूने, ती दुसऱ्या एका पोरीला नाल्यावर घेऊन आली होती. मथुराबाईही भल्याच होत्या. त्यांनाही बहुधा तो आकांत ऐकवणार नव्हता. हे तिला आजवर कधी सुचले नव्हते, ते आता सुचले. हात थरथरत होते. तळहात बर्फ झाले होते. समोर मायाक्का पाण्याकडे पाहतच नव्हती; ती रुद्राणीच्या हातांकडे पाहत होती.

घड्याळात दहा पन्नास झाले होते. बोलावे तर आईचा जीव धोक्यात, न बोलावे तर मुलीचा. कोणते भय मोठे हे मोजायला तिच्याकडे माप नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते, की निळे पाणी पाहत बसलेल्या मुलीचे पुढे काय होते. दुसऱ्या बाजूचे तिला ठाऊक नव्हते.

ती उकिडवी बसली. म्हणाली, "मायाक्का, तुझी अव्वा सुईला गेली नाही. ती लांबच्या दवाखान्यात राहायला चालली आहे. एस.टी. स्टँडवर गेली आहे. मी तुला सांगितलं नाही, ही माझी चूक झाली."

किंकाळी येईल म्हणून तिने दात आवळून धरले होते. किंकाळी आली नाही. मायाक्काचा चेहरा कोरा राहिला. तिने पेला बाजूला सारला, उठून दाराशी गेली आणि चपला घालू लागली. डावी उजव्या पायात गेली, तशीच ती उभी राहिली.

दार उघडताच शिवबाई आडवी आली. नातीचा चेहरा पाहूनच ती काय ते समजली. सून उतरली तर तिचे मढे तुमच्या दारात आणून ठेवीन, असे ती दबक्या आवाजात म्हणाली, आणि मग दुखेल तिथे मारावे तसे, "तुमाला लेकरू न्हाय बाई. तुमाला काय कळतंय ह्यातलं."

"खरं आहे, अक्का," रुद्राणी म्हणाली. "पण माझी आई अशीच मागच्या दाराने गेली, आणि मी अजून तिची वाट बघते. तुम्ही पण चला. मला एकटीला भीती वाटते."

बाई घाबरली आहे, हे शिवबाईला अपेक्षित नव्हते. तिने रुद्राणीच्या हातांकडे पाहिले. मग नातीच्या पायातल्या उलट्या चपला सरळ केल्या आणि पुढे झाली.

टांगा मिळायला सात मिनिटे गेली. वाटेत कापडाच्या गाठोड्यांनी भरलेल्या हातगाड्या आडव्या आल्या, घोडा दोनदा थांबला. रुद्राणी मनगटावरचे घड्याळ पाहत होती आणि तिला दोन चित्रे आळीपाळीने दिसत होती: रिकामा फलाट, आणि एस.टी.च्या पायरीवरून उतरणारी ईरम्मा. कोणते जास्त भयंकर हे ठरत नव्हते. मायाक्का मध्ये बसली होती. तिने रुद्राणीच्या साडीचा पदर हाताला गुंडाळला होता. एक वेढा.

गाडी उभी होती, इंजिन चालू होते. खिडकीपाशी ईरम्मा, तिच्या बाजूला बसवराज, मांडीवर पत्र्याची पेटी. मुलीला पाहताच बसवराज अर्धवट उठला आणि तसाच राहिला. ईरम्माने तोंडावर पदर दाबून धरला.

मायाक्का खिडकीखाली उभी राहिली. दोन महिन्यांत ती एवढे शब्द बोलली नव्हती. "कुटं चाललीस अव्वा?"

"मिरजंला. दवाखान्यात."

"कवा येशील?"

ईरम्माने नवऱ्याकडे पाहिले, मग सासूकडे, मग रुद्राणीकडे. रुद्राणीला ते ओळखीचे दोन शब्द, येईन हं, तिच्या ओठांवर येताना दिसले. ईरम्माने ते गिळले. "म्हाईत न्हाय गं माय. बरी झाले की."

मग तो आकांत आला. स्टँडवरची माणसे वळून पाहू लागली, कंडक्टरने घंटीची दोरी हातात धरून ठेवली. मायाक्काने गाडीच्या पत्र्यावर मुठी आपटल्या. खिडकीतली जागा रिकामी झाली आणि ईरम्मा पायरीवर दिसली. एक पाऊल खाली आले होते. शिवबाईने डोळे मिटून घेतले.

रुद्राणीने मुलीला मागून दोन्ही हातांनी कवेत घेतले. मायाक्का वळली आणि तिने रुद्राणीच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रुद्राणीने हात काढला नाही. तिथून पळून जावे असे तिला आयुष्यात कधी इतके वाटले नव्हते. ती ईरम्माकडे पाहून म्हणाली, "उतरू नका. हिला मी धरलं आहे. ती गप्प होईपर्यंत मी इथून हलणार नाही. मग घरी नेईन. गुरुवारी भेटेन, त्याच्या पुढच्या गुरुवारीही. तुम्ही जा."

ईरम्मा पायरीवर उभी राहिली. तिची नजर रुद्राणीच्या मनगटावर होती, जिथे मुलीचे दात रुतलेले होते आणि तरी मनगट जागचे हलले नव्हते. मग तिने खाली टाकलेले पाऊल वर घेतले. घंटी वाजली.

गाडी दिसेनाशी झाल्यावरही तो आकांत बराच वेळ चालला होता. रुद्राणी फलाटाच्या फरशीवर बसली होती, मुलगी मांडीवर. शिवबाई आधी लांब उभी होती. मग तिने नळावरून तांब्याभर पाणी आणले, नातीचे तोंड पुसले, उरलेले रुद्राणीच्या मनगटावर ओतले आणि पाय पसरून शेजारी बसली. अपशकुनाचे ती काही बोलली नाही. तिचेच डोळे वाहत होते. हे बरे झाले की वाईट, हे रुद्राणीला त्या क्षणी कोणी विचारले असते तर तिला सांगता आले नसते. भीती कमी झाली नव्हती. फक्त या वेळी ती नाल्यावर नव्हती.

बसवराज शनिवारी परतला. रुद्राणीने त्याला डॉक्टरांकरवी निरोप धाडला, की आरोग्यधामात पाहिले ते सगळे मुलीला कागदावर काढून दाखवा. त्याने आपल्या धंद्यातला चौकटीचा कागद घेतला आणि एक घर म्हणजे एक खाट असा वॉर्ड काढला. डावीकडून पाचवी खाट, खिडकीला लागून; खिडकीबाहेर कडुलिंब; पाण्याचा माठ कुठे, नर्सची खुर्ची कुठे. पाचव्या खाटेचे घर त्याने लाल भरले. तो कागद मायाक्काने घडी घालून झग्याच्या खिशात ठेवला. त्या रात्री तिने अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी परत पाव. पुढचे कोणालाच माहीत नव्हते. ईरम्माचे वजन अजून उतरतच होते, असे बसवराजने डॉक्टरांना सांगितले होते.

गुरुवारी बरोबर दहाला मायाक्का आजीबरोबर आली. रुद्राणीच्या मनगटावर दातांची कमान अजून काळीनिळी होती. मुलीने ती एकदा पाहिली आणि नजर वळवली. धोटा त्याच्या जागी होता. ती त्याच्यापाशी उकिडवी बसली, लोखंडी टोपीवरून बोट फिरवले आणि खाली मान घालूनच विचारले, "आज कोन जानार हाय का?"

रुद्राणी तिच्यासमोर बसली. नेहमीच्या सवयीने तिने घड्याळाकडे हात केला आणि एकेक गोष्ट सांगितली. आजी बाहेर बाकावर बसली आहे, ती उठणार नाही. अकराला तू घरी जाशील. त्यानंतर मी जेवायला जाईन. तुझी अव्वा पाचव्या खाटेवर आहे. ती कधी येईल ते मला माहीत नाही, कळलं की मी तुला सांगेन. वाईट कळलं तरी सांगेन.

मायाक्काने ते ऐकून घेतले. खिशातला कागद काढून तिने मांडीवर उलगडला, लाल घर पाहिले, पुन्हा घडी घातली. मग दोन्ही हातांनी धोटा उचलून तो आत घेतला आणि म्हणाली, "मग लाव."

रुद्राणी उठली. मागच्या गुरुवारी तिने हे दार लावले तेव्हा बाहेर टांगा उभा होता. आता बाहेर फक्त शिवबाईचे खाकरणे ऐकू येत होते आणि सात रस्त्यावरचे भोंगे. कडीला हात लावताच तळहातांना तो जुना गारवा जाणवला. एक वीत उजेड आधी बोटभर झाला, मग सुईएवढा, मग नाहीसा झाला. दार लागल्याचा आवाज झाला. तिला वाटले, आता उघडावे. ती उघडायला वळली नाही. मायाक्का दाराकडे पाठ करून जमिनीवर बसली होती आणि धोट्याची टोपी फरशीवर घासून रेघ उमटते का ते पाहत होती. रुद्राणी तिच्यासमोर, तोंड दाराकडे करून बसली.